नागालँडचं चर्च: आवाज मोठा, पण हुकूम नाही

नागालँडमध्ये निवडणूक लागली, की एक बातमी हमखास येते: चर्चने मतदारांना आवाहन केलं. दारूबंदी शिथिल करण्याची चर्चा निघाली, की दुसरी येते: चर्चचा तीव्र विरोध. अशा बातम्या वाचून आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं. कोहिमात कुणी थोर धर्मगुरू बसलेले आहेत, ते पत्रक काढतात आणि डोंगरांतली गावं माना डोलावतात.

असे कुणी धर्मगुरू तिथे नाहीतच. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १९ लाख ७८ हजार होती. त्यातले सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती, आणि त्यांतले बहुसंख्य बाप्टिस्ट. बाप्टिस्ट पंथाची घडणच अशी आहे, की त्यात वरून खाली हुकूम सोडायची सोय नाही. एवढी एक गोष्ट नीट कळली, तर नागालँडच्या बऱ्याच बातम्यांचा अर्थ बदलतो.

बाप्टिस्ट म्हणजे नेमके कोण?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राजा हाच चर्चचाही प्रमुख होता. हे ज्यांना पटलं नाही, त्यांतले काहीजण हॉलंडला निघून गेले. १६०९ मध्ये जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस यांनी ॲमस्टरडॅममध्ये जी मंडळी उभी केली, तिला पहिली बाप्टिस्ट मंडळी मानतात. मंडळी म्हणजे एका ठिकाणी जमून उपासना करणारा सभासदांचा समुदाय. मराठी ख्रिस्ती बोलण्यातला हा नेहमीचा शब्द आहे, म्हणून पुढेही तोच वापरतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावून ते ख्रिस्ती होत नाही. माणसाने समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, मगच त्याला बाप्तिस्मा द्यावा, आणि तो पूर्ण पाण्यात बुडवून. नागालँडमध्ये आजही मुलं साधारण किशोरवयात बाप्तिस्मा घेतात. कुठे नदीत, कुठे चर्चमध्येच बांधलेल्या हौदात.

यातून एक गंमत होते. जनगणनेत घरातलं तान्हं मूलही ख्रिस्ती म्हणून मोजलं जातं, पण चर्चच्या वहीत बाप्तिस्मा झालेलेच सभासद असतात. त्यामुळे दोन आकड्यांत मोठी तफावत दिसते आणि समाजमाध्यमांवर त्यावरून उगाच वाद पेटतात.

स्वतः कबूल केलेल्या विश्वासातून दुसरी गोष्ट आपोआप निघाली. सभासद जर समजून-उमजून आलेले असतील, तर मंडळीचा कारभारही त्यांनीच बघावा. वर बिशप नको, राजा नको, पोप तर नकोच.

मग कोहिमातलं ते मोठं कॅथेड्रल?

हॉर्नबिल महोत्सवाला जाणारे मराठी पर्यटक हा प्रश्न नक्की विचारतील, कारण त्यांच्या फोनमध्ये त्या कॅथेड्रलचे फोटो असतात. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आणि ते कॅथलिकांचं आहे. नागालँडमध्ये कॅथलिक अल्पसंख्य आहेत. त्यांचा कोहिमाचा बिशप रोमहून नेमला जातो, जसा वसईचा किंवा गोव्याचा. महाराष्ट्रात आपल्याला चर्च म्हटलं की हीच उतरंड आठवते आणि तीच आपण नागालँडला चिकटवतो. इथल्या प्रोटेस्टंटांमध्येही बिशप असतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना १९७० मध्ये नागपुरात झाली, तेव्हा अँग्लिकनांबरोबर उत्तर भारतातल्या काही बाप्टिस्ट मंडळ्याही तीत सामील झाल्या आणि त्यांनी बिशप स्वीकारले. ईशान्येतले बाप्टिस्ट मात्र बाहेरच राहिले.

बाप्टिस्टांशी मराठीचं नातं तसं त्याहूनही जुनं आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला राहिलेला विल्यम कॅरी हा बाप्टिस्ट मिशनरी होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवायचा. त्याचं मराठी व्याकरण १८०५ चं आणि कोश १८१० चा. त्या कामात त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. श्रीरामपूरचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नागा डोंगरांत हे पोचलं कसं?

एडवर्ड विंटर क्लार्क हा अमेरिकी बाप्टिस्ट मिशनरी आसामात शिवसागरला छापखाना सांभाळायला आला होता. डोंगरात पहिलं काम मात्र त्याने केलं नाही. ते केलं गोधुला ब्राउन या आसामी प्रचारकाने. तो आधी आओ या नागा जमातीच्या गावात जाऊन राहिला, भाषा शिकला, लोकांना घेऊन खाली शिवसागरला आला. डिसेंबर १८७२ मध्ये क्लार्क स्वतः मोलुंगकिमोंग या गावी गेला, आणखी काही जणांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथे मंडळी सुरू झाली. नागालँडमध्ये हेच आरंभाचं वर्ष मानतात. १९७२ मध्ये शताब्दीला अमेरिकी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम कोहिमात आले होते.

पुढच्या काही वर्षांत वोखा, कोहिमा अशी एकेका जमातीच्या मुलखात केंद्रं निघाली. प्रत्येक जमातीची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येकीसाठी रोमन लिपीत वेगळी पुस्तकं, वेगळं बायबल, वेगळ्या शाळा. आज नागालँडचं चर्च जमातवार विभागलेलं दिसतं, त्याचं मूळ इथे आहे. कोहिमा शहरात आओंचं चर्च वेगळं, लोथांचं वेगळं, सुमींचं वेगळं. एकाच पंथाची माणसं रविवारी सकाळी एकाच रस्त्याने निघतात आणि वेगवेगळ्या दारांतून आत जातात.

बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले ते मात्र बऱ्याच नंतर. १९५१ च्या जनगणनेत ख्रिस्ती ४६ टक्के होते, १९७१ मध्ये ६७ टक्क्यांच्या आसपास आणि १९९१ मध्ये ८७ टक्क्यांवर. अमेरिकी मिशनरी १९५० च्या दशकातच निघून गेले होते. म्हणजे सगळ्यात मोठी वाढ झाली ती गोरे मिशनरी गेल्यावर, नागा प्रचारकांच्या हातून. 'हे सगळं परदेशी पैशावर चालतं' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी-शेजारी मांडून बघावेत. आज गावच्या मंडळीचा खर्च सभासदांच्या दशमांशातून, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या रिवाजातून, आणि रविवारच्या दानातून भागतो. झुन्हेबोटोचं २०१७ मध्ये खुलं झालेलं सुमी बाप्टिस्ट चर्च बघा. साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मावतील अशी ती इमारत एका छोट्या डोंगरी शहरात उभी आहे. एवढं मोठं बांधावं का, हा वेगळा प्रश्न. माझ्या मते थोडी चढाओढही त्यात आहे.

कारभार कुणाच्या हातात?

आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घ्या. सोसायटीची सर्वसाधारण सभा हीच मालक. समिती ती निवडते, वॉचमन ठेवायचा की काढायचा तेही तीच ठरवते. शहरात सोसायट्यांचा एक महासंघ असतो. तो सल्ला देतो, शिबिरं घेतो, सरकारदरबारी सगळ्यांच्या वतीने बोलतो. पण तुमच्या सोसायटीचा सचिव बदलायला त्याला येत नाही.

बाप्टिस्टांचं तसंच आहे. गावची मंडळी ही सोसायटी. एका जमातीच्या मंडळ्या मिळून त्यांची संघटना होते: आओंची इम्पुर इथली, कोहिमातली अंगामींची, तशाच सुमी, लोथा, कोन्याक, चाखेसांग वगैरेंच्या. या संघटना मिळून नागालँड बाप्टिस्ट चर्च कौन्सिल. बातम्यांतलं 'चर्च' म्हणजे बहुतेक वेळा हे कौन्सिल. १९३७ मध्ये नागा हिल्ससाठी स्थापन झालेल्या संस्थेचं हे पुढचं रूप. तिचं कार्यालय कोहिमात आहे आणि तिच्या छत्राखाली दीड हजाराहून अधिक मंडळ्या आहेत. कौन्सिलचे सरचिटणीस पत्रक काढतात, ते वजनदार असतं, सगळीकडे छापून येतं. पण एखाद्या गावच्या मंडळीने ते वाचून बाजूला ठेवलं, तर कौन्सिल फार तर नाराज होईल.

पाळक कोण होतो, कसा होतो?

मंडळीच्या सेवकाला आपल्याकडे पाळक म्हणतात, तिकडे पास्टर. त्याची बदली कुणी करत नाही, कारण बदली करणारं वर कुणी नाही. मंडळीचे डीकन, म्हणजे सभासदांनी निवडलेले जाणते कारभारी, माणूस शोधतात. सभेत नाव ठेवलं जातं, मंजूर झालं की बोलावणं जातं. अनेक ठिकाणी मुदत ठरलेली असते, ती संपली की सभा पुन्हा बसते. लोकांना नको झाला, तर पाळक जातो.

शिक्षणाचा आग्रह मात्र पुष्कळ आहे. शताब्दीच्या वर्षी, १९७२ मध्ये, मोकोकचुंगजवळ सुरू झालेलं क्लार्क थिऑलॉजिकल कॉलेज आणि त्यासारख्या संस्थांतून दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात. अनेकांची पदवी श्रीरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते. तेच कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे पदव्या देण्याची सनद या कॉलेजाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून मिळाली.

पदवी घेतली म्हणून लगेच कुणी 'रेव्हरंड' होत नाही. काही वर्षं सेवा झाल्यावर मंडळी शिफारस करते आणि मग दीक्षाविधी होतो, त्यानंतर ते बिरुद लागतं. पगार मंडळीच देते. त्यामुळे दिमापूरच्या भरभक्कम मंडळीचा पाळक आणि मोन जिल्ह्यातल्या लहान गावचा पाळक एकच काम करतात, पण दोघांच्या घरात फार फरक असतो. सगळ्यांचा पगार सारखा करणारी तिजोरीही वर नाही. स्वातंत्र्याची ही बाजू पत्रकांत दिसत नाही.

आणि जो माणूस सभासदांच्या मर्जीवर नेमला जातो, त्याने त्याच सभासदांना निवडणुकीत पैसे घेऊ नका असं व्यासपीठावरून सांगायचं असतं. पहिल्या बाकावर कदाचित उमेदवारच बसलेला असतो. दान देणाऱ्यांत त्याचं नाव वरती असतं.

तरी चर्चच राज्य चालवतं, असं का म्हणतात?

कारण चर्च सगळीकडे दिसतं. रविवारी बाजार बंद. सरकारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रार्थना. मंत्री, आमदार, अधिकारी हेही कुठल्या ना कुठल्या मंडळीचे सभासद. पण दिसणं वेगळं आणि चालवणं वेगळं.

२०१८ ची निवडणूक बघा. मतदानाआधी कौन्सिलने एक खुलं पत्र काढलं. पैशासाठी आणि विकासाच्या आश्वासनांसाठी श्रद्धेशी तडजोड करू नका, असा त्याचा रोख होता. क्रूस आणि त्रिशूळ अशी थेट तुलना त्यात होती आणि इशारा कुणाकडे आहे हे सांगायची गरज नव्हती. निकाल काय लागला? २०१३ मध्ये एक जागा जिंकणाऱ्या भाजपने २० जागा लढवून १२ जिंकल्या आणि तो सत्तेत गेला. २०२३ मध्ये पुन्हा १२. त्याच निवडणुकीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला सात आणि रामदास आठवलेंच्या रिपब्लिकन पक्षाला दोन जागा मिळाल्या, तेव्हा महाराष्ट्रातही बऱ्याच जणांनी नकाशा उघडून नागालँड शोधलं. तिथे मत पक्षाच्या चिन्हापेक्षा उमेदवार, त्याचं गाव, त्याचं कुळ आणि त्याचा हात किती सैल यावर जास्त पडतं. दिल्लीत ज्याची सत्ता, त्याच्याशी राज्य सरकार जुळवून घेतं, कारण तिजोरीचा मोठा भाग दिल्लीहून येतो.

कौन्सिलची 'स्वच्छ निवडणूक' मोहीम तर याहून अवघड. पैसे वाटू नका, जेवणावळी घालू नका, घरातल्या एकाने सगळ्यांची मतं टाकू नयेत, ग्रामपरिषदेने एक नाव ठरवून सगळ्यांवर लादू नये. मुद्दे रास्त आहेत. शपथपत्रांवर सह्या होतात. आणि दर निवडणुकीनंतर कौन्सिल स्वतःच खंत व्यक्त करतं.

दारूबंदी तर चर्चमुळेच आहे ना?

आहे. नागालँडचा संपूर्ण दारूबंदीचा कायदा १९८९ चा. चर्च आणि नागा मदर्स असोसिएशन या स्त्रियांच्या संघटनेने त्यासाठी जोर लावला होता. मागची गोष्ट आणखी जुनी आहे. भाताची बिअर हा नागा जेवणाचा, सणाचा, पाहुणचाराचा भाग होता. दारू वर्ज्य मानणाऱ्या अमेरिकी मिशनऱ्यांनी सभासदत्वासाठी ती सोडायची अट घातली. हटन आणि मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तेव्हाच मिशनवर टीका केली होती, की तुम्ही धर्माबरोबर त्यांची सगळी रीतच मोडून काढताय.

मंडळीचा नियम हा असा राज्याचा कायदा झाला. अंमल कसा आहे, ते दिमापूरला उतरलेला कुणीही सांगेल. हद्द ओलांडली की आसामातलं खटखटी, आणि तिथे दुकानांची रांग. वर्धा, गडचिरोली किंवा २०१५ ते २०२१ मधलं चंद्रपूर ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. सरकारला महसूल हवा आहे, म्हणून कायद्याचा फेरविचार करण्याची भाषा अधूनमधून होते. कौन्सिल विरोध करतं आणि विषय पुन्हा मागे पडतो. म्हणजे कायदा कागदावर टिकवण्याइतकी ताकद चर्चमध्ये आहे, पण सभासदाच्या हातातला पेला काढून घेण्याइतकी नाही.

पण बाप्टिस्ट तर धर्म आणि राज्य वेगळे ठेवा म्हणतात?

हा आक्षेप खरा आहे, आणि नागा धर्मशिक्षक आपसातही त्यावर बोलतात. थॉमस हेल्विसने इंग्लंडला परत येऊन राजाला कळवलं होतं, की राजाही मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही. त्याला तुरुंगात टाकलं गेलं आणि तिथेच तो मेला. अमेरिकेत रॉजर विल्यम्सने हाच विचार पुढे नेला. त्या परंपरेतल्या लोकांनी आपला नियम इतरांवर कायद्याने लादावा का? कौन्सिलचं उत्तर असं, की दारूने घरं उद्ध्वस्त होतात, हा धर्माचा नव्हे तर समाजाचा प्रश्न आहे, आणि नागरिक म्हणून मत मांडायचा हक्क पाळकालाही आहे. मत मांडायचा हक्क आहे, हे मान्य. पण दिमापूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे हिंदू, मुस्लिम, जैन व्यापारीही त्या कायद्याखाली येतात. मला टीकाकारांची बाजू अधिक वजनदार वाटते.

इथे राज्यघटनेचं ३७१ अ कलमही लोक मध्ये आणतात. नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढीचा कायदा आणि जमिनीची मालकी यांबाबतचा संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय नागालँडला लागू होत नाही, असं ते कलम मुख्यतः सांगतं. ते संरक्षण नागा समाजाला आहे. चर्चला त्यातून कुठलाही अधिकार मिळत नाही.

मग हुकूम नसलेल्या या चर्चचा उपयोग कुठे झाला?

जिथे हुकूम चालणार नव्हता आणि विश्वासावरच काम होतं, तिथे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नागा बंडखोर आणि भारतीय सैन्य यांच्यात लढाई सुरू होती. गावं जळत होती. १९६३ मध्ये राज्य झालं, तरी जंगलातले लोक बोलायला तयार नव्हते. १९६४ च्या सुरुवातीला वोखा इथे बाप्टिस्टांचं अधिवेशन भरलं आणि चर्चने शांतिपथक सुचवलं: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा आणि इंग्रज धर्मोपदेशक मायकल स्कॉट. सुचवलेल्या नावांत आपले शंकरराव देवही होते, पण प्रत्यक्ष पथकात तिघेच राहिले. ६ सप्टेंबर १९६४ पासून शस्त्रसंधी लागू झाली.

दोन्हीकडच्या माणसांचं एकाच संस्थेवर भरवसा ठेवणं कसं शक्य झालं? बंडखोराची आई आणि सरकारी कारकुनाची बायको एकाच मंडळीत बसत होत्या. गावचा पाळक दोघांच्याही घरी जाऊ शकत होता, आणि त्याच्याकडे कुणाला पाडण्याची सत्ता नव्हती, म्हणून त्याची भीतीही नव्हती. पथक १९६६ मध्ये मोडलं, पण ते सूत्र राहिलं. १९७५ मध्ये केंद्र सरकार आणि बंडखोर यांच्यात शिलाँग करार झाला, तेव्हा बाप्टिस्ट धर्मोपदेशक लोंग्री आओ मध्यस्थांत होते. तो करार अनेकांना मान्य झाला नाही आणि त्यातून नवी, अधिक कडवी संघटना निघाली. २००८ पासून रेव्हरंड वाती आइएर यांच्या पुढाकाराने फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन या समेटासाठीच्या मंचाने एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्या नागा गटांना एका टेबलावर आणलं. 'नागालँड ख्रिस्तासाठी' अशी घोषणा देणारे हे गट चर्चने सांगितलं म्हणून शस्त्रं टाकत नाहीत, हेही तितकंच खरं. पण बोलायला येतात.

स्त्रियांचं काय?

धर्मशास्त्राच्या वर्गांत मुली भरपूर आहेत. मंडळ्यांत स्त्रियांसाठीची पाळक, बालकांच्या वर्गाची प्रमुख अशी पदं त्या सांभाळतात. दीक्षा घेऊन रेव्हरंड झालेल्या, मुख्य पाळक म्हणून व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया मात्र थोड्या. धर्मग्रंथाइतकाच इथे गावच्या रीतीचा हात आहे. नागा ग्रामसभा पुरुषांची, म्हणून डीकनही बहुतेक पुरुष. विधानसभेतही स्त्री निवडून यायला २०२३ उजाडावं लागलं. हेकानी जाखालू आणि सालहोउतुओनुओ क्रुसे या पहिल्या दोघी.

वर बिशप असता, तर एका सहीने दार उघडता आलं असतं, किंवा कायमचं बंदही करता आलं असतं. इथे ते प्रत्येक मंडळीने आपापल्या सभेत, हात वर करून ठरवायचं आहे. एखादी मंडळी ठराव करते, शेजारची तो विषय पुढच्या वर्षावर ढकलते.